तुमच्या हिंगाला आलेला कोल्हा

बाबा, काल सकाळी माझ्या सापळ्यात कोल्हा सापडला. ख्यालीखुशाली न विचारता एकदम विषयाला हात घातला म्हणून रागावू नका. कालपासून हे कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय, आणि ज्याला सांगून समाधान होईल असे तुम्हीच. नवऱ्याला सांगितलं, तर लॅपटॉपवरून मान वर न करता तो म्हणाला, "वा यार, काँग्रॅट्स." मुलाने फोटो बघून "आई, दॅट्स सो ग्रॉस" म्हटलं आणि मग तोच फोटो मागून घेऊन मित्रांना पाठवला. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत की आमिष काय लावलं होतं. तेच तर सांगायचंय. कोल्हा म्हणजे आपल्याकडचा कोल्हा नव्हे. बार्शीच्या माळावर ते चिमुकलं खोकड दिसायचं ना, त्याचा हा थोरला भाऊ. लालभडक अंग, अंगाएवढी शेपूट आणि शेपटीचं टोक पांढरं. आणि हा पठ्ठ्या आला तो तुमच्या हिंगाला. आपल्या दुकानातल्या, तुम्ही डबीत घालून दिलेल्या हिंगाला. आता नीट बसा आणि ऐका.

मी इथे अमेरिकेत, ॲन आर्बरला, विद्यापीठाच्या लायब्ररीत काम करते, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी पुण्याच्या कंपनीने इकडे पाठवलेली, व्हिसाच्या काळजीत झोपणारी आणि उठणारी मुलगी होते. आता जुनी कागदपत्रं स्कॅन होऊन माझ्याकडे येतात आणि ती लोकांना शोधता येतील अशी लावून देणं हे माझं काम आहे. मागच्या वर्षी एक गठ्ठा आला तो फरसाठी जनावरं धरणाऱ्या जुन्या ट्रॅपर लोकांच्या लिखाणाचा. पिवळी पडलेली छोटी छोटी पुस्तकं, हाताने काढलेली सापळ्यांची चित्रं, कुठल्या जनावराला कुठला वास आवडतो याच्या कृती. मी कोरडेपणाने काम करत होते आणि एका कृतीवर येऊन अडकले. उन्हात कुजवलेलं माशाचं तेल, बीव्हरच्या अंगातल्या ग्रंथी, बडीशेपेच्या जातीचं एक तेल, आणि त्याखाली हिंग. मी खुर्चीतून उठलेच. शेजारच्या टेबलावरच्या बाई घाबरून विचारायला आल्या. त्यांना काय सांगणार? ज्या वासाने मी दुकानाच्या पायरीवर अभ्यास करत वाढले, शाळेत ज्याच्यामुळे मुली मला चिडवायच्या, तो वास इथल्या बर्फातले लोक शंभर वर्षांपूर्वी कोल्ह्याला बोलवायला वापरत होते. ती कृती मी घरी येऊन नवऱ्याला वाचून दाखवली, मग मुलाला, मग पुन्हा नवऱ्याला.

त्यानंतर मला चैन पडेना. लायब्ररीतच एका जुन्या ट्रॅपरचं छोटं भाषण ठेवलं होतं. ऐंशीच्या पुढचे असतील. गुडघे गेलेले, पण हात एखाद्या पैलवानाचे. भाषण संपल्यावर मी जाऊन हिंगाचं विचारलं. ते म्हणाले, वडिलांच्या वेळची एक बाटली होती, तिच्यातला जीव कधीच गेला, आता असलं काही कुणी वापरत नाही. मी म्हटलं, माझ्या घरी आहे. ते लगेच म्हणाले, शनिवारी शेतावर ये. बस, तिथून सुरुवात झाली. मी त्यांना काका म्हणते. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, पण त्यांच्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ वळत नाही. काका म्हणजे काय हे सांगितल्यावर ते खूश झाले आणि आता फोनवरसुद्धा स्वतःच "काका बोलतोय" म्हणतात. मी रीतसर परीक्षा दिली, परवाना काढला, आणि सबंध शरद ऋतू शनिवार-रविवार त्यांच्या मागेमागे ओढ्याकाठच्या शेतांतून फिरले.

बाबा, काय मजा आहे हो या विद्येत. जमीन वाचायची. ओल्या वाळूवर रॅकूनचा पंजा लहान मुलाच्या हातासारखा उमटतो, आणि कोल्हा चालतो तो एका रेषेत, धावदोरा घातल्यासारखा. काका म्हणतात, जनावर कुठे राहतं ते शोधू नकोस, ते कुठून वळतं ते शोध. बांधाचा कोपरा, पडलेला ओंडका, दोन शेतांमधली गवताची पट्टी. तिथे उंदराच्या बिळासारखं तिरकं भोक पाडायचं, आत वासाचं आमिष ठेवायचं आणि भोकाच्या तोंडाशी, अगदी पाऊल पडेल तिथे, सापळा पुरायचा. पुरताना तो दगडासारखा घट्ट बसला पाहिजे. जरा जरी हलला तरी कोल्हा थांबतो, उकरतो आणि आपली अक्कल काढून निघून जातो. वर कोरडी माती चाळून पसरायची. ही माती शरदातच वाळवून ठेवावी लागते, नाहीतर थंडीत ती गोठून सापळ्यावर झाकण बसतं. चाळायला काकांची जाळी होती, पण मला ती जाडीभरडी वाटली म्हणून मी घरातली मैद्याची चाळण नेली. काकांनी ती हातात फिरवून बघितली आणि ठेवून घेतली. आता मी घरात नवीन आणलीय.

आणि वास! सापळे आधी झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळायचे, मग मेणात बुडवायचे, म्हणजे लोखंडाचा आणि माणसाचा वास राहत नाही. हातमोजे स्वच्छ, गुडघ्याखाली फडकं, जमिनीवर थुंकायचंसुद्धा नाही. काका हे मला समजावून सांगत होते आणि मी हसत होते. त्यांनी विचारलं का हसतेस, तर मी त्यांना तुमचा उंदराचा पिंजरा सांगितला. तुम्ही गोदामात पिंजरा लावायच्या आधी तो चुलीवर सगळीकडून शेकून घ्यायचात. भाकरीचा तुकडा तेलात बुडवून चिमट्यानेच आत अडकवायचात. मी एकदा मदत करायला म्हणून तो तुकडा हातात घेतला, तेव्हा तुम्ही केवढे भडकलात. "हाताचा वास लागला. आता आठवडाभर तो इकडे फिरकतोय का बघ," म्हणालात आणि तो तुकडा कावळ्याला टाकून दिलात. मी रडले होते. आता वाटतं, तो माझा पहिला धडा होता. काकांना ही गोष्ट इतकी आवडली की ते दर शनिवारी मला विचारतात, तुझ्या वडिलांनी आणखी काय काय पकडलं?

मग एक दिवस त्यांनी त्यांच्या मनातलं सांगितलं. हा त्यांचा शेवटचा हिवाळा. वसंतात ते मुलीकडे चँडलरला जाणार, ॲरिझोनात, जिथे बर्फ नाही आणि गुडघ्यांना बरं. त्यांची ओढ्याकाठची सगळी वाट, जिथे शेतकऱ्यांनी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या सापळे लावू दिले, आणि वडिलांपासूनचे सापळे, हे सगळं ते एकाच माणसाला देणार होते. घरच्यांपैकी कुणाला हौस नव्हती. "तुला देईन," ते म्हणाले, "पण सीझन संपायच्या आत एक कोल्हा तू धरायचा. जागा तुझी, आमिष तुझं. आणि शेवटचं कामही तुझं. मी हात लावणार नाही. अर्धं शिकलेल्याला मी सापळे देत नाही." शेवटचं काम म्हणजे मारणं. तोवर पाण्यातले मस्करॅट, घुशीएवढे उंदीरच ते, मी धरले होते, पण ते सापळे असे असतात की आपण पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. कोल्हा पायाला धरला जातो आणि आपली वाट बघत बसलेला असतो. सकाळी आपण जायचं आणि त्याच्या डोळ्यांदेखत बंदूक उचलायची. बाबा, मी अजूनही अंडं खात नाही. काकांच्या घरचं हरणाचं मटण मी दर वेळी नको म्हणते आणि ते दर वेळी हसतात. मला ती वाट हवी होती, इतकी हवी होती की ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी कागदावर बांधाचे कोपरे काढत बसायचे. पण ते शेवटचं काम मला जमेल का, हे मला माहीत नव्हतं.

आणि आधी कोल्हा तर यायला हवा! इथे मी जी माती खाल्ली ती तुम्हाला सांगायची लाज वाटते. मी इंडियन स्टोअरमधून हिंगाची डबी आणली आणि कृतीतलं तेल गॅसवर गरम करून चक्क फोडणी केली. हिंग तेलात फुलतं एवढं मला माहीत, बाकी पुढचा-मागचा विचार नाही. सडलेल्या माशाच्या तेलाला हिंगाची फोडणी! घरातला स्मोक अलार्म वाजायला लागला, नवरा आणि मुलगा जॅकेटं घेऊन बाहेर पळाले, आणि शेजारच्या नागपूरच्या काकूंनी फोन करून विचारलं, अगं, गॅस लीक आहे का? एवढं करून मी मोठ्या दिमाखात सापळा लावला. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर भोकाभोवती उंदरांची जत्रा. इवल्या इवल्या पावलांनी सगळी माती तुडवलेली, आमिष फस्त, सापळ्यावर लेंड्या. रोज तेच. काकांना काही कळेना. त्यांनी हिंग बघितलं, हुंगलं, मान हलवली. मला कळायला आठवडा लागला. एका सकाळी पोळ्यांची कणीक मळता मळता माझा हात थांबला. बांधणी हिंग! त्यात निम्म्याच्या वर पीठ असतं. मी कोल्ह्याला बोलवत नव्हते, उंदरांना जेवायला वाढत होते. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला तुम्ही ऐकवायचात, पाण्यात टाकून बघा, दूध झालं तर हिंग, नाहीतर कणीक. हिंगवाल्याची मुलगी मी, आणि तुम्ही जन्मभर सांगितलेलं नेमकं विसरले. तुम्ही असतात तर कपाळावर हात मारून घेतला असतात.

मग मी तुमची ती डबी काढली. मी अमेरिकेला निघाले तेव्हा तुम्ही मुंबईपर्यंत आलात, आणि विमानतळाच्या दाराशी आईचं डोळे पुसणं चाललेलं असताना माझ्या हातात ती पितळी डबी कोंबलीत. "खडा आहे. तिकडे भेसळच मिळेल," एवढंच बोललात. नंतर तुम्ही गेलात आणि मला ती डबी उघडवेना. घरं बदलली, गावं बदलली, डबी प्रत्येक वेळी हँडबॅगेतून आली. आत फडक्यात गुंडाळलेला तो तपकिरी खडा. मी तो कधी वरणातसुद्धा वापरला नव्हता, तुमचं काहीतरी संपेल म्हणून. त्या सकाळी मी ओट्याशी उभी राहिले, डबी उघडली, आणि बाबा, दुकान आलं. गूळ, तागाची पोती, तुमची टोपी, सगळं आलं. मी थोडी रडले आणि मग बत्त्याने खडा फोडला. एक कण पाण्यात टाकला. पांढरं दूध झालं! त्या वाटीकडे बघून मी एकटीच मोठ्याने हसले. काकांना नेऊन हुंगायला दिलं तर ते जवळच्या बादलीवर बसलेच. म्हणाले, माझ्या बापाच्या कोटाला हा वास यायचा. मग आम्ही दोघं बराच वेळ आपापल्या बापांबद्दल बोलत बसलो आणि त्या दिवशी सापळा लावायचा राहूनच गेला.

लावला तो परवा. ओढा जिथे वळतो तिथे, एका पडलेल्या ओंडक्याच्या कडेला, माझ्या जागेवर. चाळणीने माती पसरली, फडकं उचललं आणि मागे न बघता परत आले. रोज सकाळी फेरी मारायची हा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी काकांनी मारायला लावली असती. काल सकाळी हलकासा बर्फ पडला होता. काका ट्रकमध्ये बसून राहिले, ठरल्याप्रमाणे. मी बांधावर चढले आणि मला तो दिसला. पांढऱ्यावर लाल. बसला होता, शांत, माझ्याकडे बघत. मला आधी इतका आनंद झाला की मी काय करायला आलेय ते विसरले. आला! माझ्या भोकाशी आला, माझ्या मातीवर पाय ठेवला, तुमच्या हिंगाला भुलला! आणि मग हातातली बंदूक जड झाली. मी मागे ट्रककडे बघितलं. काका समोर बघत होते, माझ्याकडे नाही.

तेव्हा मला तुम्ही आठवलात. घरात आईने सक्त सांगितलेलं, जीव घ्यायचा नाही. म्हणून तुम्ही भरलेला पिंजरा फडक्याने झाकून न्यायचात आणि पलीकडच्या मळ्यात सोडून आलो म्हणायचात. मी एकदा क्लास लवकर सुटला म्हणून बाजाराच्या मागून येत होते. तुम्ही ओढ्यात उभे होतात, धोतर वर खोचून, आणि पिंजरा पाण्याखाली धरला होतात. दोन्ही हातांनी, घट्ट. मला वाटलं होतं तुम्ही तोंड फिरवाल. फिरवलं नाहीत. शेवटपर्यंत खाली बघत राहिलात. मग पिंजरा उचललात, हात धुतलेत, आणि घराच्या उलट्या दिशेने चालू लागलात. मी हे कुणालाही सांगितलं नाही. काल त्या ओंडक्यापाशी मला एवढंच आठवलं, की तुम्ही तोंड फिरवलं नव्हतंत. मीही फिरवलं नाही. एका गोळीत झालं, तो हललासुद्धा नाही. मी गुडघे टेकून त्याच्या अंगावर हात ठेवला. ऊब होती. वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, आणि आनंदही गेला नाही. दोन्ही एकाच वेळी होतं आणि अजून आहे. काका काठी टेकत आले, टोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाले, "वाट तुझी." दुपारी त्यांच्या शेडमध्ये त्यांनी नुसतं तोंडाने सांगितलं आणि मी कातडं उतरवलं. शेपटीपाशी जरा फाटलं. ते म्हणाले, पहिलं सगळ्यांचंच तिथेच फाटतं.

संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला, तिकडे सकाळ होती. ती मेथी निवडत बसली होती. मी जनावरं पकडायला शिकते हे तिला ठाऊक आहे, तिला वाटतं विद्यापीठाचं काहीतरी असेल. न राहवून माझ्या तोंडातून निघून गेलं, आई, कोल्हा धरला, बाबांच्या हिंगावर! तिला फार कौतुक वाटलं. हिंग अजून चांगलं आहे का, डबी काळी नाही ना पडली, सगळं विचारलं. आणि मग विचारलं, "त्या कोल्ह्याचं काय केलंस?" बाबा, मी एका क्षणाचाही विचार केला नाही. "सोडला गं, लांब नेऊन," मी म्हटलं. आईने मेथीची एक काडी मोडली, पानं परातीत टाकली, मान वर केली नाही. "तुझे बाबापण असंच सांगायचे," ती म्हणाली. आणि मग विचारलं, आज स्वयंपाकाला काय केलंस.

म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. मी इतकी वर्षं समजत होते की ते गुपित तुमचं आणि माझं आहे, आणि माझं आहे हे तुम्हालाही ठाऊक नाही. तुमच्यासाठी ती गप्प राहिली, तुम्ही तिच्यासाठी, आणि मी दोघांसाठी. आज सकाळी वाटेवर फेरी मारून आले, सापळे रिकामे होते, तरी सबंध रस्ताभर गाणं म्हणत आले. मग हे लिहायला बसले. हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, घडी करून डबीखाली ठेवीन. आधी वाटलं होतं, आईला फोन करून खरं काय ते सांगून टाकावं. नाही सांगणार. काल ती जशी मेथी निवडत राहिली, तशीच तिला राहू दे. पण तुम्हाला तेवढं कळायला हवं होतं, बाबा. पिंजरा रिकामा करून तुम्ही गावाला वळसा घालून यायचात ना, मळ्यापर्यंत जाऊन आल्याएवढा उशीर व्हावा म्हणून. त्याची काही गरज नव्हती. तुम्ही सरळ घरी यायला हवं होतंत. चहा गार व्हायचा.